नॅटालिझुमॅब : एका औषधाचे पुनरागमन

आम्हा साहित्याच्या अध्यापकांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार प्रथम भेटला तो 'बार्बेलियन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या ब्रूस कमिंग्जच्या दैनंदिनीमुळे. १९१५ साली सैन्यभरतीसाठी गेलेल्या कमिंग्जजवळ त्याच्या डॉक्टरने लष्करी वैद्यकासाठी दिलेले बंद पाकीट होते. ते उघडल्यावर त्याला आपल्या रोगाचे नाव कळले. पत्नीला ते विवाहापूर्वीच ठाऊक होते! रुग्णाशिवाय इतरांनीच सारे तोलायचे, असा तो काळ.

या रोगात शरीराच्या संरक्षक पेशी मेंदूत शिरून मज्जातंतूंचे आवरण कुरतडतात. अमेरिकेत १९९३ साली आलेल्या इंटरफेरॉनने रोगाचे झटके सुमारे एकतृतीयांशाने कमी केले. नॅटालिझुमॅबने या पेशींना मेंदूच्या वेशीवरच अडवले. दोन वर्षांच्या चाचणीत झटके ६८ टक्क्यांनी घटले. नोव्हेंबर २००४ मध्ये, एका वर्षाच्याच निष्कर्षांवर, अमेरिकेत त्याला घाईने मान्यता मिळाली. पण वेशीवर अडवलेले हेच मेंदूचे रखवालदारही होते. अनेकांच्या शरीरात निरुपद्रवीपणे वसणारा जेसी विषाणू त्यांच्या अभावी मेंदूत माजू शकतो. चाचण्यांतील तिघांना तसे झाले, दोघे दगावले; फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबली.

येथवरची कथा परिचित वळणाची आहे. पुढची नाही. मार्च २००६ मध्ये सल्लागार समितीसमोर रुग्ण स्वतः बोलले, आणि त्यांतील कित्येकांनी औषध परत मागितले. धोका तेव्हा हजारी एक असा आकारला जात होता. कंपन्यांचे हितसंबंध होतेच. तरीही या मागणीला केवळ अगतिकता म्हणणे आम्हाला पटत नाही. चालणे, पाहणे हळूहळू गमावणाऱ्याच्या पारड्यात 'औषध न घेणे' हाही धोकाच असतो, आणि तो आकडा बाहेरच्या माणसाला दिसत नाही. समितीने एकमताने अनुकूल कौल दिला. जूनमध्ये सक्तीच्या नोंदणीसह औषध परतले.

मात्र 'हजारी एक' ही सरासरी फसवी होती. २०१२ साली मान्य झालेल्या रक्तचाचणीने ती फोडली : विषाणूची प्रतिपिंडे नसलेल्यांना धोका अत्यल्प, ती असून पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतलेल्यांना, दोन वर्षांच्या उपचारानंतर, हजारी दहाहूनही अधिक. शिवाय चाचणी एकदा नकारार्थी आली म्हणून भागत नाही. औषध चालू असेतो ती वरचेवर करावी लागते, आणि दर खेपेस तराजू नव्याने हाती घ्यावा लागतो.