कोरा चहा, गवत आणि मुंबईचं दूध

ऑफिसच्या पँट्रीत टी-बॅगांचा जो खोका असतो त्यात 'इंग्लिश ब्रेकफास्ट' असतोच. ग्रीन टी सगळ्यात आधी संपतो (डाएट!), मग लेमन टी संपतो आणि हा बिचारा कडक, लालभडक चहा मागे उरतो. तो मी बिनदुधाचाच प्यायला लागलो आणि आता चक्क चटक लागलीये. आपल्या घरांमध्ये याला कोरा चहा म्हणतात आणि तो दोनच वेळा होतो: दूध नासलं तर, नाहीतर पोट बिघडलं तर. थोडक्यात काय, कोरा चहा म्हणजे काहीतरी कमी पडल्याची खूण.

आता डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर जा. तिथे कोरा चहा हाच रोजचा सकाळचा चहा. पाहुणा आला तरी तोच. पाण्यात आधी साखर, मग परसातल्या गवती चहाची दोन-चार पाती, मग भुकटी. खळखळून उकळी आली की गाळून पुढ्यात. पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आवळतात, मग साखर येते आणि शेवटी गवती चहाचा वास मागे राहतो. झोप उडवण्याच्या बाबतीत आमच्या पँट्रीतला साहेबी चहा याच्यापुढे पाणी कम.

पण तिथे दूध का नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर शोधत गेलो तर चहापेक्षा गवताचाच इतिहास हाती लागला. तोच सांगायचाय. आधी थोडं टेक्निकल, इंजिनियर आहे, चालवून घ्या.

'इंग्लिश ब्रेकफास्ट' ही चहाची जात नाही, ते मिश्रण आहे. साधारणपणे आसाम, सिलोन आणि केनियाचा चहा त्यात असतो. तो इतका कडक का? तर तो दूध घालून प्यायचा म्हणून. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून चव मऊ होते. म्हणजे दुधात बुडूनही मरणार नाही असा चहा हवा. आपल्या घरातली सीटीसी पावडरही त्याच कुळातली. १९३०च्या सुमाराला आसामात विल्यम मॅकरचर या साहेबाने पानं चिरडून, फाडून, वळवणारं यंत्र काढलं. क्रश, टिअर, कर्ल, म्हणून सीटीसी. या बारीक गोळ्यांमधून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, थोड्या पावडरीत जास्त कप होतात. त्यातही डस्ट, म्हणजे भुकटी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक.

गंमत बघा, जो चहा दुधासाठीच घडवला तो मी पँट्रीत हौस म्हणून बिनदुधाचा पितोय आणि तलासरीतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या तसाच पितोय. चहा करायचं चक्क आयएसओ स्टँडर्ड आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेलं: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं. ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, चहातला प्रत्येक दोष वर यावा म्हणून. आपल्याला मजा घ्यायची असेल तर तीन-चार मिनिटांत गाळा. आसामचा चांगला चहा असेल तर भाजलेल्या धान्यासारखी गोडसर चव येते. तिला माल्टी म्हणतात.

बरं, सकाळचा चहा ही काही आपली सनातन परंपरा वगैरे नाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ साली, पण इथल्या माणसाला तो पाजायचे पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकातले. १९०३ साली निर्यातीवर उपकर बसवला, त्याच्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३०च्या दशकातल्या मंदीत परदेशात माल खपेना तेव्हा तर स्टेशनं, गिरण्या, बाजार असं करत प्रचारकांनी चहा घरोघर नेला. कंपन्या शिकवत होत्या किटलीत मुरवायला, लोकांनी तो पातेल्यात दुधासकट उकळला :) पुढे स्वस्त सीटीसी खेड्यापाड्यात पोचला. भुकटी आली, साखर आली, पण दूध काही सगळीकडे आलं नाही.

डहाणूत बिनदुधाच्या चहाशी नातं असलेली अजून एक मंडळी आहेत, इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द-केरमानकडून झरतुष्ट्री कुटुंबं इकडे आली. काहींनी मुंबईत हॉटेलं काढली (क्यानी आणि कंपनी १९०४ची), काहींनी डहाणू-घोलवडला वाड्या केल्या. घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली जीआय मिळालं, त्या बागा वाढवण्यात या मंडळींचा मोठा हात. आता इराणात चहा बिनदुधाचाच. छोट्या पेल्यात गडद लाल चहा, खडीसाखरेचा नाहीतर साखरेचा खडा दातात धरायचा आणि त्यावरून घोट घ्यायचा. पण इकडे आल्यावर हॉटेलवाल्या इराण्याने मुंबईला काय पाजलं? दाट दुधाचा चहा. मुंबईला तोच हवा होता, आणि मुंबईत दूध होतं.

मुंबईत दूध कुठून होतं? इथे गवत येतं.

शहरातल्या तबेल्यांमध्ये हजारो म्हशी होत्या. आरे कॉलनी १९४९ साली उभी राहायला लागली ती याच म्हशींना शहराबाहेर काढायला. या म्हशींना चारा लागायचा आणि त्यासाठी ठाणे जिल्ह्यातलं गवत रेल्वेने मुंबईला जायचं. डहाणू, उंबरगाव, पालघर हा पट्टा गवताचा. (आजचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगावात होता. १९६० साली राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी आपल्याकडे राहिलं. पालघर जिल्हा तर २०१४चा.) जमीन सावकार-जमीनदारांची, गवत त्यांचं आणि कापणारे हात वारल्यांचे. बरेचदा फुकट, म्हणजे वेठीला. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस बायकोसकट मालकाकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. ते राबणं आयुष्यभर फिटायचं नाही.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन इथे आले होते. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. मग पावसाळा संपला, गवत कापणीला आलं आणि वारल्यांनी दर मागितला: ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. दर मिळेना म्हणून कापणी थांबली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. लढा पुढे चालूच राहिला आणि त्याने वेठबिगारी आणि लग्नगडीची प्रथा मोडून काढली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकात लिहिलंय, ज्याला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेच्या इतिहासात मला हे भेटलं नव्हतं.

त्याच १९४५ साली बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध आणंदहून रेल्वेने मुंबईला यायला लागलं. ही लाइन डहाणूवरूनच जाते! म्हणजे एकाच रुळावरून गुजरातचं दूध डहाणू ओलांडून मुंबईला चाललंय, डहाणूकडचं गवतही मुंबईच्या म्हशींकडे चाललंय, आणि गवत कापणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नाही. खेड्याचे शेतकरी पुढच्या वर्षी भावासाठी संपावर गेले आणि त्यातून अमूल उभं राहिलं. ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, तिच्यावर सिनेमाही निघाला. फरक एवढाच की खेड्याच्या शेतकऱ्याच्या दारात स्वतःची म्हैस होती. वारल्याकडे होता फक्त कोयता. गवतही त्याचं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, कोऱ्या चहाकडे 'त्यांची पद्धत' म्हणून बघणं अर्धवट आहे. इराण्याचा कोरा चहा ही पद्धत आहे. माझा कोरा चहा ही हौस आहे. वारल्याच्या कोऱ्या चहात चव आणि अगत्य दोन्ही आहे, पण मोठ्या शहराच्या भुकेशेजारी राहिल्याचा हिशोबही आहे. शिवाय नुसतं गोडवे गाऊन भागत नाही. चहातली तुरट द्रव्यं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. नागलीच्या भाकरीबरोबर लहान पोर रोज कोरा चहा पीत असेल तर भाकरीतलं निम्मंअर्धं वाया जातं. ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात कुपोषणासाठी येतं, तिथे ही किरकोळ बाब नाही.

असो. बोर्डी-घोलवडचा वीकएंड आपल्यापैकी बरेच जण करतात. चिकू, समुद्र, इराणी घरातलं जेवण, सगळं झकास. एखाद्या सकाळी गाडी तलासरीच्या बाजूला वळवा. कोणी कोरा चहा दिला तर दूध मागू नका, तो आहे तसाच प्या, खरंच फक्कड असतो. रस्त्याच्या कडेने ऑक्टोबरात पिवळं पडत चाललेलं उंच गवत दिसेल. त्याचा भाव पाच माणसांनी चुकवलाय, हे ठाऊक असू द्या.