अपस्फीत नीला

पायांतील कातडीलगतच्या नीला कायमच्या रुंद, लांब आणि वेड्यावाकड्या होण्याचा विकार. बोलीत याला नसा फुगणे म्हणतात, दवाखान्यात व्हेरिकोज व्हेन्स. उभे असताना ३ मिमी. किंवा अधिक रुंद दिसणारी नीला या व्याख्येत बसते.

पायातले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने. नीलांमधील झडपा ते खाली घसरू देत नाहीत. झडप ढिली पडली की रक्त उलटे उतरून साचते. घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणाऱ्या दीर्घ नीलेत हा बिघाड सर्वाधिक आढळतो. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळ नीलांतील दाब पाऱ्याच्या ८०–९० मिमी.पर्यंत जातो, चालू लागताच तो बराच उतरतो. त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा एका जागी खिळलेल्याला हा त्रास अधिक. हैदराबादच्या सुलतान बाजारात, म्हणजे पूर्वीच्या रेसिडेन्सी बाजारात, काउंटरमागे दिवसभर तागे उलगडणारा कापडविक्रेता हे त्याचे ठळक उदाहरण : संध्याकाळी पाय जड, घोट्यावर मोज्याची खोल खूण, रात्री पोटरीत गोळा. अर्थात उभे राहणे हे एकटेच कारण नव्हे. आनुवंशिकता, वय आणि स्थूलताही भोवतात. याच बाजारातल्या सरकारी प्रसूती रुग्णालयासारख्या ठिकाणी येणाऱ्या गर्भवतींमध्येही हा विकार दिसतो. संप्रेरकांमुळे नीला सैलावतात, गर्भाशयाचा दाब पडतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळसे ओसरते, म्हणून तोवर शस्त्रक्रियेची घाई करू नये.

दुर्लक्ष झाल्यास घोट्यावरची कातडी खाजते, काळवंडते, पुढे न भरणारा व्रण होतो. फुगलेली शीर फुटली तर रुग्णाला आडवे करून पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने दाबावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर खोल नीलेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते. रुग्णाला उभे न करता केलेल्या तपासणीवर विसंबून उपचार ठरवणे चुकीचे.

दाबमोजे सकाळी उठताच चढवावेत. सूज व जडपणा कमी होतो, झडप मात्र दुरुस्त होत नाही. पायाच्या रोहिणी अरुंद असतील तर ते घातक ठरतात. शस्त्रक्रियेत १८९०च्या सुमारास ट्रेंडेलेनबुर्ग यांनी दीर्घ नीला बांधली. १९०७मध्ये बॅबकॉक यांनी ती तारेने ओढून काढण्याची रीत आणली. त्या काळी भूल हाच मोठा प्रश्न होता. आता लेझर किंवा रेडिओलहरींची तार सुईवाटे आत घालून नीला आतूनच बंद करतात. जागा बधिर केली की भागते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. रक्त खोल नीलांतून वाट काढते. बारीक शिरांसाठी फेसाळ औषधाची इंजेक्शने असतात. तेल-मलमांच्या जाहिराती काहीही म्हणोत, झडपेवर त्यांचा परिणाम नाही.

एक नीला बंद केल्यावर दुसरीत बिघाड होऊ शकतो. लक्षणे परतल्यास डॉप्लर पुन्हा करावा लागतो.