आद्याक्षराचा प्रवास : जपानी गाण्यांची साखळी आणि आपली वर्णमाला

वाचकहो, जपानमधल्या एखाद्या शहरात, कराओकेच्या छोट्या खोलीत चार मित्र बसले आहेत अशी कल्पना करा. पहिल्याने ‘फुरुसातो’ म्हणजे ‘जन्मगाव’ हे १९१४ सालच्या शालेय पुस्तकातले गाणे म्हटले. शीर्षकाचे शेवटचे अक्षर ‘तो’. दुसऱ्याने त्यावर महायुद्धानंतर गाजलेले ‘तोक्यो बुगिउगि’ घेतले. ‘गि’ आले, म्हणून तिसऱ्याने १९६१ चे ‘गिन्झा नो कोइ नो मोनोगातारि’ हे युगुलगीत लावले. ‘रि’ वरून चौथ्याला ‘रिंगो नो उता’, म्हणजे सफरचंदाचे गाणे आठवले. पराभवाने खचलेल्या जपानला १९४५ च्या अखेरीस याच गाण्याने पहिल्यांदा हसवले होते. आता ‘ता’ आले आणि डाव पुन्हा पहिल्याकडे गेला.

ही तर आपली अंताक्षरीच, असे तुम्ही म्हणाल. जपानीत या खेळाला ‘शिरितोरि’ म्हणतात. ‘शिरि’ म्हणजे बूड आणि ‘तोरि’ म्हणजे धरणे. शब्दाचे बूड धरून पुढचा शब्द आणायचा. मूळ खेळ शब्दांचा आहे, कराओकेच्या खोलीत तो गाण्यांचा झाला. मात्र आपल्या अंताक्षरीहून तो एका बाबतीत कडक आहे. आपण शेवटचे व्यंजन घेतो आणि स्वर सोडून देतो. ‘की’ आले तरी ‘क’ वरचे कोणतेही गाणे चालते. जपानी लिपीत ‘क’ आणि ‘कि’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, त्यामुळे ‘कि’ ला ‘कि’ च हवे. दुसरा नियम असा की ज्याचा शब्द ‘न्’ ने संपेल तो हरला, कारण ‘न्’ ने सुरू होणारा शब्दच जपानीत नाही. गंमत पाहा. जपानमध्ये सर्वाधिक खपलेली सिंगल ध्वनिमुद्रिका ‘ओयोगे! ताइयाकि-कुन’ हे १९७५ चे मुलांचे गाणे आहे. तिच्या पंचेचाळीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. पण या खेळात ते गाणे निवडणारा हरतो, कारण शेवटी ‘कुन’ आहे.

नियम वरवर पोरकट दिसतात, पण त्यांच्या मुळाशी भाषेचा इतिहास आहे. जुन्या अस्सल जपानी शब्दांच्या आरंभी ‘र’ येत नसे. आज ‘र’ ने सुरू होणारे बहुतेक शब्द चिनी किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले आहेत. वरच्या गाण्यातला ‘रिंगो’ हा शब्दही मूळ चिनीच. म्हणून मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पुन्हा ‘रु’ वर आणून सोडतो. हजार वर्षांपूर्वीच्या उच्चाराची ती सवय आज दहा वर्षांच्या पोराचे हत्यार झाली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कराओकेच्या खोलीत पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाडजूड सूची असे. गाण्यांची नावे आद्याक्षरांप्रमाणे लावलेली आणि प्रत्येकापुढे क्रमांक. ‘रि’ वरचे गाणे हवे तर त्या पानावर जायचे. तो क्रम असा : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचकहो, हा क्रम एकदा मोठ्याने म्हणून पाहा. कानाला ओळखीचा वाटतो ना? वाटणारच, कारण तो आपला आहे.

बौद्ध मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत वर्ण शिकत. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचला. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये त्याच्याच हस्ते झाले. ८०६ मध्ये कूकाई हा आचार्य चीनहून मंत्र आणि सिद्धम् यांचे ग्रंथ घेऊन परतला. या अध्ययनातून अकराव्या शतकात जपानी अक्षरांची ‘गोजूओन’ म्हणजे पन्नास ध्वनींची मांडणी आकाराला आली. आधी स्वर, मग कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत व्यंजने, शेवटी य, र, व.

तुम्ही विचाराल, ‘च’ च्या जागी ‘सा’ आणि ‘प’ च्या जागी ‘हा’ कसे? उत्तर मोठे सुंदर आहे. त्या काळी जपानी ‘सा’ चा उच्चार ‘चा’ च्या जवळ होता आणि ‘हा’ मूळचा ‘पा’ होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. उच्चार काळाबरोबर बदलले, जागा मात्र बदलल्या नाहीत. घर पडले तरी पाया राहावा, तसा आपला वर्णक्रम तिथे राहिला आहे.

मात्र सामान्य जपानी माणसाने हा क्रम फार उशिरा स्वीकारला. त्याच्या ओठी ‘इरोहा’ होते. ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच वापरून रचलेली ही कविता. तिची सर्वांत जुनी नोंद १०७९ ची आहे. परंपरा ती कूकाईच्या नावावर सांगते, पण तिची भाषा त्याच्यानंतरची आहे. विषय काय, तर फूल उमलते आणि गळते, जगात नित्य असे काहीच नाही. बारा भावनांमधली अनित्य भावना पाठ करत लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या जैनाला हे वाचून नवल वाटले. मुळाक्षरे शिकता शिकता पोराला वैराग्याचा धडा! पुढे ओत्सुकि फुमिहिको यांचा ‘गेनकाइ’ हा पहिला आधुनिक जपानी कोश १८८९ ते १८९१ या काळात गोजूओन क्रमाने निघाला. तेव्हा फुकुझावा युकिचि या थोर सुधारकाने कपाळाला आठ्या घातल्या, असे सांगतात. नाट्यगृहात चपला ठेवण्याच्या बिल्ल्यांवरसुद्धा इरोहाच असते, मग हा क्रम चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. क्रम चालला. शाळेने आणि कोशाने तो रुजवला.

आद्याक्षरावरून गाणे ओळखण्याची कला तर याहूनही जुनी आहे. फुजिवारा नो तेइका याने १२३५ च्या सुमारास शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडली. पुढे तिचे पत्ते झाले. वाचक कवितेचा पूर्वार्ध म्हणतो आणि खेळाडू उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलतो. शंभरांपैकी सात कविता अशा की पहिले अक्षर ऐकताच ओळखाव्यात, कारण त्या अक्षराची दुसरी कविता नाही. याउलट ‘आ’ वर सोळा कविता आहेत आणि सहा कविता अशा की सहावे अक्षर ऐकल्याशिवाय हात हलवता येत नाही. या पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’ वरून आला. १५४३ मध्ये जपानला पोहोचलेल्या पोर्तुगीजांमागोमाग पत्ते तिथे गेले आणि त्यांच्या पूर्वेकडील कारभाराची राजधानी होती आपले गोवे. आंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यातच झाला. त्यालाच वाटाड्या म्हणून घेऊन पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. भिक्षूंनी वर्णक्रम नेला, दर्यावर्दींनी पत्ते नेले. जपानी माणसाने दोन्हींचा खेळ केला.

कराओकेचे यंत्र या साखळीतला अगदी अलीकडचा दुवा. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा. तोक्योत नेगिशि शिगेइचि यांनी १९६७ मध्ये असे एक यंत्र केले होते. १९७१ मध्ये कोबेच्या वादक इनोउए दाइसुके यांनी आपले यंत्र मद्यगृहांना भाड्याने दिले आणि त्याची लाट आली. त्यांनी पेटंट घेतले नाही. १९८५ च्या सुमारास ओकायामात मालवाहू डब्याची कराओके-खोली झाली आणि गाणे दारूच्या बैठकीतून उठून घराघरांतल्या बाया-पोरांपर्यंत पोहोचले. आता त्या जाड सूचीची जागा पडद्याने घेतली आहे, पण पडद्यावरही आ, इ, उ, ए, ओ हाच क्रम आहे.

हे सारे तुम्हांला का सांगितले? वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘प्रतिमाला’ गणली आहे आणि टीकाकार तिचा अर्थ अंत्याक्षरी असा देतात. खेळ आपला, क्रमही आपला. तरीही चाळीस वर्षे माझ्या दवाखान्यातल्या बाटल्या अॅकोनाइट, आर्निका, बेलाडोना अशा रोमन क्रमाने उभ्या आहेत. बाकावर बसलेल्या मुलांना मी कधी कधी ‘ट’ नंतर काय, असे विचारतो. महाराष्ट्राबाहेर वाढणारी ही मराठी मुले इंग्रजी अक्षरे घडाघडा म्हणतात आणि इथे मात्र अडखळतात. त्यांना मी दोष देत नाही. जो क्रम आम्ही मोठ्यांनी रोजच्या वापरातून काढून टाकला, तो त्यांनी कुठे शिकावा?

जपानमध्ये तो शाळेने आणि कोशाने रुजवला, पण खेळाने आणि गाण्याने अंगवळणी पाडला. हे आपल्याला अवघड नाही. मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तके क, ख, ग या क्रमाने लावावीत. भजनांची आणि भावगीतांची एक सूची आद्याक्षरांप्रमाणे करावी आणि कोजागरीच्या रात्री ती मुलांच्या हाती देऊन अंताक्षरी लावावी. ‘की’ आले तर ‘की’ च हवे, हा जपानी नियमही एकदा लावून पाहावा. आमची पिढी पहिल्या फेरीतच हरेल. हरू द्या, मुले तरी जिंकतील.