गांठीचा ताप आणि वैद्य : सातारा जिल्ह्याच्या इतिहासांतील एक प्रकरण

माण नदीच्या कांठीं वसलेलें म्हसवड हें गांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास मुख्यतः माने घराण्यामुळें ठाऊक असतें. सेनापति संताजी घोरपडे यांचा १६९७ सालीं घात करणारा नागोजी माने हा येथलाच. आणि त्या एका कृत्याची चर्चा आजवर इतकी झाली आहे कीं, म्हसवडास त्यानंतर कांहीं घडलेंच नाहीं असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुतः ह्या मुलखावर त्यानंतर आलेलीं संकटें लढाईपेक्षां मोठीं होतीं. त्यांपैकीं दुष्काळाची खूण आजहि डोळ्यांस दिसते. राजेवाडीचा तलाव, ज्यास सरकारी कागदांत म्हसवडचा तलाव म्हणत, तो १८७६-७८ च्या दुष्काळाच्या निमित्तानें हातीं घेतलेल्या कामांचें फळ होय. साथीची मात्र अशी दगडी खूण मागें राहत नाहीं. ती शोधावयाची तर खानेसुमारीचे आंकडे उलगडावे लागतात.

१८९१ च्या खानेसुमारींत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १२ लक्ष २६ हजार भरली. १९०१ सालीं ती सुमारें ११ लक्ष ४६ हजार निघाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ होण्याऐवजीं ८० हजार माणसें कमी झालीं. ही सर्व घट एकट्या रोगाच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. त्याच दशकांत दोन दुष्काळ पडले, आणि पोटासाठीं मुंबईची वाट धरणारांची संख्याहि लहान नव्हती. तथापि १८९७ पासून प्लेगनें ह्या जिल्ह्यास जें ग्रासलें तें वर्षानुवर्षें सोडलें नाहीं, आणि मुंबई इलाख्यांतील ज्या जिल्ह्यांस त्याचा जबर तडाखा बसला त्यांत सातारा होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. सबंध हिंदुस्थानांत १८९६ पासूनच्या पंचवीस वर्षांत ह्या रोगानें सुमारें १ कोटि माणसें नेलीं.

प्रस्तुत लेखांत प्लेगचें राजकारण सांगण्याचा हेतु नाहीं. तें अनेकांनीं सांगितलें आहे. रोग ओळखणें, रोग्याची शुश्रूषा करणें आणि रोगाचें मूळ शोधणें हीं वैद्याचीं तीन कामें ह्या साथींत कशीं झालीं, आणि त्यांची एकमेकांपासून फारकत झाल्यानें काय घडलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

पहिलें काम निदानाचें. ह्या बाबतींत खेड्याची स्थिति काय होती हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. गांवांतील मृत्यूची नोंद डॉक्टर करीत नसे. ती पोलिस पाटलाच्या दप्तरीं होई, आणि मृत्यूच्या कारणाच्या सदरांत पटकी, देवी व ताप अशीं थोडकीं ठोकळ नांवें असत. पटकी व देवी कोणासहि ओळखूं येत. उरलेलें बहुतेक मरण 'तापा'च्या पोटांत जाई. तेव्हां जांघेंत किंवा काखेंत गांठ येऊन चार दिवसांत माणूस गेला, तरी प्लेगचें नांव सर्वतोमुखीं होईपर्यंत त्याची नोंद तापाखालींच झाली असल्यास नवल नाहीं. जुन्या नोंदींवरून साथीच्या आरंभाची तारीख ठरवूं पाहणाऱ्या संशोधकानें ही गोष्ट विसरूं नये. वैद्यांनीं ह्या रोगास पुढें 'ग्रंथिक सन्निपात' असें शास्त्रोक्त नांव दिलें. लोकांनीं साधें 'गांठीचा ताप' म्हटलें, आणि लोकांचें नांवच अधिक नेमकें होतें असें मला वाटतें.

मुंबईंत मात्र निदान करणारा मनुष्य भेटला. डॉ. अकाशियो गाब्रियल व्हिएगस हे मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले, आणि मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांस तपासतां त्यांनीं हा गांठीचा प्लेग असल्याचें ओळखून तसें उघड जाहीर केलें. हें धाडस लहान नव्हतें. मुंबईचा सारा व्यापार बंदरावर चाले, आणि प्लेगचें नांव निघतांच परदेशीं बंदरें तिच्या मालास बंद होणार हें उघड होतें. म्हणून हा प्लेग नव्हेच, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. अखेर सूक्ष्मदर्शकाखालीं रोगजंतु दिसले तेव्हां वाद मिटला. ह्या जंतूचा शोध येरसँ ह्यानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें, म्हणजे अवघ्या दोनच वर्षांपूर्वीं लाविला होता. व्हिएगस यांनीं आधीं रोग्यास पाहिलें व प्रयोगशाळेनें मागाहून साक्ष दिली, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

शुश्रूषेचें प्रकरण पुण्याकडे वळलें म्हणजे कटु होतें. १८९७ च्या वसंतांत रँड साहेबाच्या कमिटीनें सोजीर घालून घरें तपासलीं, रोग्यांस ओढून इस्पितळांत व त्यांच्या घरच्यांस छावणींत नेलें, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या गोळीबारांत झाला, हें सर्वश्रुत आहे. येथें सांगावयाचें तें निराळें. इस्पितळ म्हणजे मरणाचें ठिकाण अशी समजूत त्या दिवसांत इतकी दृढ झाली कीं, लोक रोगी लपवूं लागले. आणि रोगी लपविल्यावर ना निदान शक्य, ना उपचार. ह्याच काळांत सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसरनजीक ससाणे यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. सावित्रीबाई ह्याच सातारा जिल्ह्याच्या. त्यांचें जन्मगांव नायगांव. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका रोगी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें, आणि त्यांतच रोगाचा संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या दवाखान्यापाशीं प्लेगवर औषध होतें असें नाहीं. तें त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें. परंतु तेथें रोगी आपण होऊन आणिला जाई, ओढून नव्हे. कमिटीच्या इस्पितळांत व ह्या मळ्यांतल्या दवाखान्यांत अंतर होतें तें एवढेंच, आणि तें थोडें नाहीं.

आतां संशोधनाकडे वळूं. वाल्डेमार हाफकिन हे कलकत्त्यास पटकीच्या लशीचें काम करीत होते. त्यांस १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस पाठविण्यांत आलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली व १९२५ सालीं तिला हाफकिन यांचेंच नांव मिळालें. लशीचा गुण पाहण्यासाठीं केलेला एक प्रयोग मराठी राज्यांतलाच आहे, म्हणून तो थोडा विस्तारानें देतों. बडोदें संस्थानांतील उंधेरा ह्या गांवीं १८९८ च्या फेब्रुवारींत, जेथें साथ चालूच होती अशा घरांतून, प्रत्येक कुटुंबांतील निम्म्या माणसांस लस टोंचली व निम्म्यांस तशींच राहूं दिलीं. टोंचलेलीं ७१ होतीं. त्यांपैकीं ८ आजारी पडलीं व ३ दगावलीं. न टोंचलेलीं ६४. त्यांपैकीं २७ आजारी पडलीं व २६ दगावलीं. एकाच छपराखालचीं, एकच अन्न खाणारीं हीं माणसें होतीं, त्यामुळें ह्या आंकड्यांवर शंका घेण्यास जागा फार थोडी उरते. हा हिशेब वाचतांना त्या २६ जणांकडेहि लक्ष जातें, आणि शास्त्राची खात्री किती महाग पडते तें कळतें. १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें लशीच्या एका बाटलींत धनुर्वाताचे जंतु शिरून १९ माणसें मेलीं. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला व तो दूर होण्यास १९०७ साल उजाडलें. दरम्यान टोंचणीविषयीं लोकांच्या मनांत जी धास्ती बसली ती कोणत्याहि निकालपत्रानें निघण्यासारखी नव्हती.

परंतु लस म्हणजे रोगाचें मूळ नव्हे. रोग एका घरांतून दुसऱ्या घरांत जातो कसा, हा प्रश्न उरलाच होता. येथें खेड्यांतील लोकांस एक गोष्ट दिसत होती जी सरकारी कमिट्यांस दिसत असून मोलाची वाटत नव्हती. माणसें पडूं लागण्यापूर्वीं उंदीर पडूं लागतात. आढ्यावरून मेलेला उंदीर खालीं आला कीं, दख्खनेंतील गांवकरी भांडींकुंडीं व गुरें घेऊन माळावर किंवा मळ्यांत झोपड्या घालीत आणि साथ ओसरेपर्यंत गांवांत पाऊल टाकीत नसत. हा उपाय कोणा डॉक्टरानें शिकविलेला नव्हता. उलट सरकारी शहाणपणाचा सारा भर माणसावर होता: माणूस तपासा, माणूस अडवा, घर कार्बोलिकनें धुवा. घर धुतल्यानें उंदीर शेजारच्या घरांत पळत, एवढाच पुष्कळदां त्याचा परिणाम होई.

फ्रेंच वैद्य पॉल लुई सिमाँ ह्यानें १८९८ च्या जूनांत कराची येथें एका कांचपात्रांत आजारी उंदीर व निरोगी उंदीर जाळीच्या आडपडद्यानें वेगळे ठेवून दाखविलें कीं, स्पर्श न होतांहि केवळ पिसवांच्या द्वारें रोग एकापासून दुसऱ्यास होतो. त्याच वर्षीं नेमलेल्या प्लेग कमिशननें ही उपपत्ति जवळजवळ हंसण्यावारी नेली. सात वर्षें वायां गेलीं. मग मुंबईंत ग्लेन लिस्टन यांनीं व १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधक मंडळानें परळ येथें मुद्दाम झोपड्या बांधून प्रयोग केले. पिसवा असलेल्या जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिगांस प्लेग झाला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्यांसहि झाला. परंतु दोन फुटांवर टांगलेले वांचले. पिसवेची उडी जेथवर पोंचते तेथवरच रोग पोंचतो, हें असें सिद्ध झालें. उंदीर मेला कीं त्याचें अंग थंड पडतें, पिसवा त्यास सोडतात व दुसरें रक्त शोधतात. आणि जवळचें रक्त माणसाचें. पिसवेच्या अन्नमार्गांत जंतूंचा गोळा साचून तो बंद होतो व उपाशी पिसू पुनःपुन्हां चावून जंतु ओकते, हा शेवटचा दुवा बॅकट व मार्टिन यांनीं १९१४ सालीं जोडला.

म्हणजे माळावर झोपडी घालणारा गांवकरी बरोबर होता. तो कां बरोबर होता तें सांगण्यास शास्त्रास जवळजवळ दहा वर्षें लागलीं. ह्यावरून संशोधन व्यर्थ होतें असा अर्थ कोणी काढूं नये. गांवकऱ्यास कारण ठाऊक नसल्यानें त्याच्या उपायांत एक भोंक राहत असे: तो घर सोडी, पण गोधडी, घोंगडी व धान्याचें पोतें बरोबर नेई, आणि पिसवा त्यांतूनच प्रवास करीत. माणदेशांत घोंगडीवांचून माणूस हलत नाहीं. ही चूक दाखवून देण्यास परळच्या झोपड्याच लागल्या.

ऋतूचें कोडेंहि त्याच संशोधनानें उलगडलें. दख्खनेंत साथीचा जोर बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत राही आणि उन्हाळ्यांत ती ओसरे. लोक त्यास दैवी कृपा मानीत. संशोधकांस दिसलें कीं, सरासरी उष्णमान फॅरनहाइटच्या ८५ अंशांवर गेलें व हवा कोरडी झाली म्हणजे पिसू फार दिवस जगत नाहीं. म्हसवडच्या चैत्र-वैशाखांतील ऊन ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें वेगळें सांगावयास नको. परंतु श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो तो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस. दूरदूरचे भाविक, त्यांचीं बिछाईत, गुरेंमेंढरें व धान्य हें सारें पिसवेस मानवणाऱ्या दिवसांतच एकत्र येई. १८९७ च्या फेब्रुवारींत झालेल्या साथीच्या रोगांच्या कायद्यानें यात्रा बंद करण्याचा अधिकार सरकारास दिला तेव्हां तो धर्मांत हात घालणारा म्हणून लोकांस जाचला, आणि कमिटीच्या करणीमुळें त्या जाचण्यास कारणहि होतें. तरी यात्रेच्या दिवसांपुरता विचार केला तर भय खोटें नव्हतें, असेंच आज म्हणावें लागतें.

औषध मिळण्यास तर आणखी बराच काळ गेला. साताऱ्याच्या दक्षिणेस मिरजेस डॉ. वानलेस यांचें मिशन इस्पितळ १८९४ पासून चालू होतें, व शस्त्रक्रियेंत त्याचा लौकिक सर्व महाराष्ट्रभर झाला; परंतु गांठीच्या तापापुढें तेथील शस्त्रहि इतरांइतकेंच हतबल होतें. हाफकिन संस्थेंत साहिबसिंग सोखी व डॉ. वागळे यांनीं १९४० च्या आगेंमागें सल्फा जातीच्या औषधांनीं प्लेगचा रोगी वांचूं शकतो हें दाखविलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत स्ट्रेप्टोमायसिन आलें. लस, संसर्गाची उपपत्ति व औषध हीं तिन्ही मुंबईंतच सिद्ध व्हावीं, हा त्या शहराच्या इतिहासांतील मोठाच योग म्हटला पाहिजे.

१९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर मरून पडूं लागले व घराघरांत पिसवांचा त्रास सुरू झाला. आदल्या वर्षींच्या किल्लारीच्या भूकंपानंतर ओस घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, असें त्याचें एक कारण सांगण्यांत आलें. पुढच्या महिन्यांत तेथें गांठ आलेले तापाचे रोगी आढळले. तो प्लेगच होता कीं नाहीं यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला, जसा १८९६ सालीं मांडवीच्या रोग्यांवरून झाला होता. परंतु मामल्याच्या लोकांनीं उंदीर पडतांच वरपर्यंत वर्दी दिली होती, आणि ह्या वेळीं रोगी सांपडण्यापूर्वींच गांवांत पिसवांवर औषध फवारलें गेलें.