चंद्राचा उजेड आणि स्पॉट मीटर

स्पॉट मीटर 'बरोबर' एक्स्पोजर सांगतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. डिजिटल स्पॉट मीटर दृश्यातला साधारण 1 अंशाचा तुकडा बघतो आणि आकडा देतो, बस. तो आकडा जसाच्या तसा वापरला, तर चुन्याची भिंत असो की काळी घोंगडी, फोटोत दोन्ही मधल्या राखाडी रंगाच्या येणार. चेहऱ्याची उजेडातली बाजू नि सावलीतली बाजू मोजली, फरक 2 स्टॉपचा निघाला, तर प्रकाशाचं प्रमाण 4:1. 3 स्टॉपचा निघाला, तर 8:1. हे मोजमाप. सावली किती गडद ठेवायची, हा निवाडा तुमचा.

ही फारकत अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास नीट मांडली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत त्यांनी पायऱ्या पाडल्या, त्यांना झोन म्हटलं. पाचवा झोन म्हणजे मधला राखाडी, आणि दर पायरीला 1 स्टॉप. मीटर कायम पाचव्यावर बोट ठेवतो. वस्तू कुठे बसवायची ते माणूस ठरवतो.

आता 1 नोव्हेंबर 1941ची संध्याकाळ, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव. (तारीख अॅडम्सना स्वतःला आठवत नव्हती, ती पुढे खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून काढली.) कबरस्तानातल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन, वर चंद्र. कॅमेरा लावला, आणि मीटर सापडेना! पण चंद्राची उजळी चौरस फुटाला 250 कॅन्डल, हे त्यांना पाठ होतं. चंद्र सातव्या झोनवर बसवला, म्हणजे पाचव्यावर त्याचा चौथा हिस्सा, सुमारे 60. फिल्मचा वेग 64, त्याचं वर्गमूळ 8. म्हणून एफ/8ला सेकंदाचा साठावा भाग. पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट, म्हणजे विसावा भाग. तिथून एफ/32 म्हणजे आणखी 4 स्टॉप: झाला जवळजवळ 1 सेकंद. एक निगेटिव्ह मिळाली. दुसरी घेण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

आमचे नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. इथे मात्र सगळा हिशेब तिच्यावर उभा! पण तेवढ्यानं भागलं नाही, हेही बघा. चंद्राचा आकडा पाठ होता. त्या संध्याकाळच्या जमिनीचा आकडा पाठ असणार कुठून? चंद्र आणि खालची झुडपं यांत किती स्टॉपचं अंतर, ते कळायला मार्गच नव्हता. निगेटिव्हचा खालचा भाग फिका आला, प्रिंट काढताना फार छळायचा. शेवटी 1948मध्ये अॅडम्सनी तेवढाच भाग रसायनात बुडवून दाट केला. मूळ निगेटिव्ह एकच, केवढी जोखीम!

आणि आजचा स्पॉट मीटर तेव्हा हाती असता तर? जमीन छान मोजता आली असती. चंद्र नाही. तो आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे 1 अंशाच्या वर्तुळाचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो. बाकी तीन हिस्से आकाश, आणि मीटर तेही चंद्रात मिसळूनच मोजतो.