राजदैविकाची सीमारेषा : हुबळी-धारवाडच्या वाटा आणि प्रवासाची जोखीम

वाहतुकीसाठी सोपवलेला माल वाटेत नाहीसा झाला तर त्याची भरपाई कोणी करावी, या प्रश्नाला याज्ञवल्क्यस्मृतीने दिलेले उत्तर असे आहे की, जे नुकसान राजामुळे किंवा दैवामुळे झालेले नाही ते वाहकाने भरून द्यावे. राजामुळे म्हणजे जप्ती, स्वारी, लूट. दैवामुळे म्हणजे आग, पूर, वादळ. मराठी कागदपत्रांत पुढे हीच जोडी अस्मानी-सुलतानी या नावाने वावरते, आणि हुबळी-धारवाडचे एखादे कुटुंब सुटीसाठी ग्रीसच्या बेटावर निघते तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या पॉलिसीतील अपवादांच्या यादीत युद्ध, सरकारी आदेश आणि नैसर्गिक आपत्ती अशा वेशात तीच पुन्हा भेटते. प्रवासाच्या विम्याचा या भागातील इतिहास पाहताना कंपन्यांच्या स्थापनेच्या सनावळीपेक्षा ही सीमारेषा कोणत्या काळी कोठे होती आणि तिच्या पलीकडचे नुकसान कोणाच्या माथी येई, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) लिहिली, आणि आजचा धारवाड, अण्णिगेरी व लक्कुंडी हा सारा प्रदेश त्याच राज्यात मोडत होता. तारण असलेल्या कर्जावर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, व्याज घ्यावे असे सांगणारी ही स्मृती घनदाट रानातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस असा दर लावते, आणि विज्ञानेश्वर त्याचे कारण देताना सावकाराचे मुद्दलच बुडण्याची भीती पुढे करतो. वरच्या दरातील हा वाढीव भाग म्हणजे जोखमीची किंमत होय. तिला विम्याचा हप्ता हे नाव तेवढे मिळालेले नव्हते. ग्रीक जगाने हीच कल्पना करारात बांधली होती. डेमॉस्थेनिसच्या नावावर असलेल्या लॅक्रिटसविरुद्धच्या भाषणात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला एक सागरी कर्जाचा करार जपला गेला आहे; त्यात तीन हजार द्राख्मांवर हजारी २२५ व्याज आणि स्वाती नक्षत्राच्या उदयानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, परतीला निघाल्यास हजारी ३०० व्याज ठरले होते. जहाज हलके करण्यासाठी सहप्रवाशांच्या संमतीने समुद्रात टाकलेला माल आणि शत्रूला द्यावी लागलेली रक्कम एवढी सोडून बाकीचे देणे ऋणकोने पुरे करावे, अशी त्याची अट होती, म्हणजे अस्मानी आणि सुलतानी दोन्ही तेथे कर्ज देणाऱ्याच्या माथी होती. स्मृतीतील वाहकाच्या नियमात मात्र तीच दोन संकटे मालाच्या धन्यावर पडतात. जहाज वाचवण्यासाठी समुद्रात टाकलेल्या मालाचे नुकसान एकट्याच्या पदरी न घालता जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल आहे त्या सर्वांनी वाटून सोसावे, हा तिसरा मार्ग ऱ्होड्स बेटाच्या नावाने रोमन कायद्यात गेला आणि सागरी वाहतुकीत तो आजही पाळला जातो. ज्या ऱ्होड्सची छायाचित्रे सहल कंपन्यांच्या पत्रकांवर झळकतात, तेच हे बेट.

राज्याने स्वतः जोखीम घेतल्याचे उदाहरण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. सरहद्दीवरील अंतपाल नावाच्या अधिकाऱ्याने मालाच्या गाडीमागे सव्वा पण वर्तनी, म्हणजे वाटेचा कर, घ्यावा आणि वाटेत हरवलेल्या व चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करावी, असा तो नियम आहे. प्रत्यक्षात तो कितपत पाळला गेला असेल याविषयी शंका घेण्यास भरपूर वाव आहे, आणि मध्ययुगात ऐहोळेच्या पाचशे स्वामींच्या श्रेणीसारख्या व्यापारी संघटना आपले सशस्त्र रक्षक बाळगत, यावरून राज्याच्या हमीवर सारा भार टाकण्याची व्यापाऱ्यांची तयारी नव्हती असे दिसते.

हुबळीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला नुकसानभरपाईचा दावा सुलतानी प्रकारातला आहे. सतराव्या शतकात आदिलशाही अमलाखालील हुबळी ही कापडाची मोठी पेठ होती आणि कारवारच्या बंदरातून निर्यात होणारे कापड मिळवण्यासाठी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तेथे वखार ठेवली होती. १६७३ मध्ये अण्णाजी दत्तो यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने हुबळी लुटली, त्यात ही वखारही सापडली आणि कंपनीने आपले नुकसान ७,८९४ होनांचे असल्याचे मांडले. येथे विमा नव्हता, हप्ता नव्हता आणि विमेकरीही नव्हता. तरीही पुढे जे घडले त्यात आजच्या दाव्याचे सगळे टप्पे ओळखता येतात. नुकसानीची यादी, तिच्यातील आकड्यांवरून वाद, जबाबदारी कोणाची यावरून पत्रव्यवहार आणि एका दाव्याला दुसऱ्याशी जोडून तडजोडीचा प्रयत्न, हे सारे त्यात आहे. राजापूरच्या वखारीच्या जुन्या नुकसानीबद्दल शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीत दहा हजार होनांची तडजोड ठरली. हुबळीचा दावा मात्र इंग्रज त्यानंतरही लावून धरत राहिले. पातशाही पेठेवरील स्वारीत तेथील परक्या व्यापाऱ्याचे नुकसान झाले, तर ते लढाईच्या खात्यावर टाकायचे की भरपाईच्या, हा त्यातील खरा प्रश्न होता, आणि अशा प्रश्नांचा निकाल लावणारे न्यायालय त्या काळी अस्तित्वातच नव्हते. इंग्रजांच्या बाजूने पाहता दावा रास्त वाटतो, पण शत्रूच्या मुलखात नफ्यासाठी दुकान मांडणाऱ्याने तेथील लढाईची जोखीम आधीच पत्करलेली असते, हा प्रतिवादही तितकाच वजनदार आहे.

अठराव्या शतकात हा मुलूख सावनूरचा नवाब, पेशवे, पटवर्धन सरदार, हैदर आणि टिपू यांच्या हातांतून फिरत राहिला. जुनी हुबळी आणि नवी हुबळी यांची मालकी काही काळ निरनिराळ्या सत्तांकडे होती, आणि १७९०–९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घातला. अशा परिस्थितीत व्यापार बंद पडायला हवा होता. तो पडला नाही, याचे बरेचसे श्रेय पेठेने स्वतः घडवलेल्या व्यवस्थांना द्यावे लागते. त्यांपैकी एक हुंडेकऱ्याची. ठरलेल्या एकरकमी भाड्यात वाटेवरील जकाती, नाकी आणि माल पोहोचवण्याची जबाबदारी अंगावर घेणारा मक्तेदार तो हुंडेकरी, आणि त्या ठरलेल्या रकमेला हुंडाभाडे म्हणत. पाच कोसांवर नवे नाके उभे असण्याच्या त्या काळात मालाच्या धन्याला खर्चाचा आकडा आधी कळणे हीच मोठी सोय होती. दुसरी व्यवस्था सराफांच्या विम्याची. ठराविक हशील घेऊन माल किंवा रोकड मुक्कामी पोहोचवण्याची हमी सराफ देत, आणि या चालीचे वर्णन सुजानराय भंडारीने १६९५ च्या सुमारास आपल्या फारसी इतिहासग्रंथात केले आहे. माळव्यातील अशाच विम्याची नोंद करणाऱ्या जॉन माल्कमच्या १८२३ च्या ग्रंथावरून, अत्यंत अस्वस्थ काळातही तो चालू राहिला आणि धोका वाढला की दर वाढे, हे कळते.

तिसरी व्यवस्था सर्वांत चतुर होती. माल पाठवणारा व्यापारी मुक्कामाच्या आडत्यावर हुंडी लिही आणि ती येथेच सावकाराला कसर सोडून विकून पैसे मोकळे करून घेई. मात्र ती जोखमी हुंडी असल्यास माल सुखरूप पोहोचला तरच आडत्याने तिचे पैसे द्यायचे, आणि माल बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडायचे. कर्ज, रकमेची पाठवण आणि विमा ही तीन कामे एकाच कागदाने होत, आणि पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांच्या व्यापारात हा कागद सरसकट चाले. अथेन्सच्या सागरी कर्जाशी त्याचे साम्य उघड आहे. एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे मानण्याची मात्र गरज नाही, कारण वादळात माल गमावणारा व्यापारी कोठेही याच हिशेबाला पोहोचेल.

या तिन्ही व्यवस्थांत संरक्षण मिळे ते मालाला. काशीला निघालेला यात्रेकरू रोकड सावकाराकडे ठेवून तिथल्या पेढीवरची हुंडी घेई, आणि ती शहाजोग असल्यास, म्हणजे पतदार व्यक्तीमार्फतच वटणारी असल्यास, वाटमाऱ्याला तिचा काही उपयोग नसे. पैसा असा वाचला तरी वाटेत पटकीने गाठले तर त्याची भरपाई देणारा कोणी नव्हता, आणि यात्रेकरू निघण्यापूर्वी घरच्यांना निरवानिरव सांगून जाई, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

एकोणिसाव्या शतकात धारवाडच्या कापसाने या वाटांवरचा भार वाढवला. १८४० च्या दशकात सरकारने येथे अमेरिकन वाणाच्या कापसाला उत्तेजन दिले आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात त्याला सोन्याचे मोल आले. गाड्यांच्या रांगा घाट उतरून कुमठ्याच्या बंदराकडे जात आणि पावसाळ्यात ते बंदर मिटले की माल अडकून पडे. कारवार बंदराच्या हेतूने उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे हुबळीला पोहोचली, तिचा कारखाना तेथे उभा राहिला, मुरगावच्या बंदराशी सांधा जुळला, आणि घाटवाटांचे महत्त्व काही वर्षांत ओसरले.

रेल्वेने स्मृतीतला प्रश्न कलमांत मांडला. १८९० च्या रेल्वे कायद्याने मालाबाबत रेल्वेची जबाबदारी सामान्य शहाण्या माणसाने घ्यावी तेवढ्या काळजीपुरती ठरवली, त्यामुळे दैविक नुकसान आपोआप बाहेर राहिले. सोनेनाणे, जवाहीर, शाली, रेशीम यांसारख्या वस्तू शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या असतील तर ती किंमत आधी जाहीर करून वाढीव जोखमीचे वेगळे शुल्क भरल्याशिवाय रेल्वे त्यांना बांधील राहत नसे. स्वस्त दर हवा असेल तर रिस्क नोट नावाच्या कागदावर सही करून माल मालकाच्या जोखमीवर पाठवावा लागे. कमी पैशांत कमी हमी, हा सौदा तेव्हापासून सामान्य व्यापाऱ्याच्या परिचयाचा झाला. प्रवाशाच्या देहाचा विमा मात्र लंडनमध्ये आधीच निघाला होता. १८४९ मध्ये काम सुरू करणारी रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला एका प्रवासासाठी तीन पेन्समध्ये हजार पौंडांचे आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत दोनशे पौंडांचे संरक्षण देई. भारतात १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने अतिरेकी हल्ला, दरोडा, दंगल आणि गाडीतून पडणे या घटना भरपाईच्या कक्षेत आल्या, म्हणजे सुलतानीचा मोठा भाग सीमेच्या आत आला. आजाराने आलेला मृत्यू बाहेरच राहिला. सप्टेंबर २०१६ पासून ऑनलाइन तिकिटाबरोबर ९२ पैशांत दहा लाखांचा ऐच्छिक विमा मिळू लागला.

परदेशी प्रवासात याच्या उलट झाले. साधारण विमा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर सरकारी कंपन्यांनी १९८४ मध्ये ओव्हरसीज मेडिक्लेम आणली, तिचा गाभाच आजारपण हा होता. २००० मध्ये ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, प्रत्यक्ष सामील झाला आणि १ जून २००४ पासून त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा झाला. तातडीचे उपचार, रुग्णालय, मृत्यू आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणे एवढेच त्या सक्तीत येते. हरवलेले सामान, रद्द झालेली सहल किंवा चुकलेले विमान यांचा तिच्याशी संबंध नाही, त्यामुळे केवळ व्हिसापुरती घेतलेली सर्वांत स्वस्त पॉलिसी देहाचे रक्षण करते आणि बाकीचे सारे मालकाच्या जोखमीवर सोडते. आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब, बेटावर भाड्याने घेतलेली दुचाकी किंवा एटीव्ही, आणि दाव्यातून प्रथम वजा होणारी स्वतःची रक्कम, या तीन कलमांवर बहुतेक वाद होतात. लहान बेटांवर गंभीर रुग्णाला हवाई मार्गाने अथेन्सला न्यावे लागते, म्हणून त्या खर्चाची मर्यादा हप्त्यापेक्षा आधी पाहावी.

अस्मानीचा अनुभव ग्रीसने अलीकडे दोनदा दिला. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्सवरील वणव्यामुळे हजारो पर्यटकांना हलवावे लागले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनीजवळच्या भूकंपमालिकेमुळे दहा हजारांहून अधिक लोकांनी बेट सोडले. अशी घटना जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती ज्ञात घटना ठरून वगळली जाते, हे समुद्र खवळल्यावर जोखमी हुंडी कोणी विकत घेत नसे त्याच न्यायाने होते. अधिक किचकट आहे तो नेहमीचा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोर धरतो आणि बंदराचे अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. वारा दैवाचा, मनाई राजाची. हुकलेल्या बोटीमुळे वाढलेल्या रात्रीचे भाडे कोणी द्यायचे, हे पॉलिसीतील विलंबाच्या कलमात सार्वजनिक वाहनाची व्याख्या कशी केली आहे यावर ठरते, आणि काही पॉलिसींत त्या व्याख्येत फक्त विमान असते.