उन्हात घसरलेला बांध

इथल्या शाळेत आपली मुलं 1953 चा पूर शिकतात. झीलंडमध्ये घुसलेला समुद्र, 1836 मृत्यू, मग डेल्टा प्रकल्प. घरी येऊन आपल्यालाच सांगतात! विल्निसचं नाव मात्र बहुधा त्यांनाही माहीत नसतं आणि आपल्यालाही. ॲमस्टेलवीनला राहत असाल तर सायकलने जाऊन याल, इतकं ते जवळ आहे.

26 ऑगस्ट 2003 ला, रात्रीच्या अंधारात, तिथल्या कालव्याच्या बांधाचा सुमारे 60 मीटरचा तुकडा बाजूला सरकला. पाणी वस्तीत शिरलं, दीड हजाराच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आणि पाऊस? अजिबात नव्हता. कडक, कोरडा उन्हाळा होता. बांध पीटचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा. ही माती ओली असेल तोवर जड. वाळली की हलकी होते. तशी ती झाली आणि कालव्याच्या पाण्याने तिला ढकलून दिलं.

सह्याद्रीत नेमकं उलटं होतं. तिथे पाणी मुरून माती जड होते, पकड सुटते आणि उतार कातळावरून खाली येतो. 30 जुलै 2014 ला माळीण असंच गेलं, 151 माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीचं गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळीये. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिमी पाऊस पडला. नेदरलँड्सला अख्ख्या वर्षात साधारण 800 ते 850 मिमी मिळतो, यावरून अंदाज करा.

हवा एक अंश तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि नसतो तेव्हा जमीन जास्त वाळते. दोन्ही टोकांना धोका वाढतो.

विल्निसनंतर डच लोकांनी काय केलं ते मला फार आवडतं. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत वॉटरस्खापची माणसं पीटचे बांध पायी फिरून भेगा शोधत होती. जिथे गरज तिथे पाणीही मारलं. यात मोठं तंत्रज्ञान काही नाही हो, चालणं आणि बघणं!

आपल्या डोंगरातही खुणा दिसतात: घराच्या वरच्या उतारावर नवी भेग, कललेलं झाड किंवा विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 ला दरड रात्री आली, आणि वर जायला गाडीरस्ताही नव्हता. म्हणून निघायचं ते उजेडी, खुणा दिसताच.

कोकणात किंवा घाटाखाली आई-बाबा असतील तर या पावसाळ्यात फोनवर "पाऊस कसाय?" एवढंच विचारू नका. वरच्या उतारावर कोण फिरून येतं, रात्रीपुरतं कुणाकडे जाता येईल, हेही विचारा. आणि इथे वॉटरस्खापच्या निवडणुकीत, डच पासपोर्ट नसला तरी, कायदेशीर रहिवासी म्हणून आपल्याला मत असतं. मतदानाचा पास आला की रद्दीत टाकू नका, बरं का.